वन्संची तहान

मथुरामावशींनी आपल्या नणंदेला जिवंत ठेवलं. त्याहून कडक सूड मी अजून पाहिलेला नाही.

चेन्नईतल्या मैलापूरच्या आमच्या इमारतीत त्यांना सगळे मामी म्हणत. भाजीवाला, इस्त्रीवाला, तळमजल्यावरचे निवृत्त प्रोफेसर, झाडून सगळे. मी तिथे भाड्याने राहायला गेले तेव्हा मीही मान खाली घालून 'मामी' म्हटलं, तर त्यांनी मला जिन्यातच थांबवलं. मामी म्हणणारे या शहरात पुष्कळ आहेत, तू मावशी म्हण, असं त्या चक्क मराठीत म्हणाल्या. मी दचकले. मी मराठी आहे हे यांना कुणी सांगितलं? कुणीच नाही. आदल्या संध्याकाळी मी गच्चीत उभी राहून आईशी मोबाइलवर बोलले होते, तेवढ्यावरून त्यांनी माझं सगळं जुळवलं होतं. घर नागपूरकडचं, शाळा इंग्रजी, आई काळजी करणारी आणि मुलगी थापा मारणारी.

"जेवले म्हणालीस आईला. जेवली नव्हतीस," त्या म्हणाल्या आणि पिशवी उचलून वर निघून गेल्या.

मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल बुक करून लोक तासन्‌तास वाट बघायचे त्या काळापासून थेट निवृत्तीपर्यंत कानाला हेडफोन लावून त्यांनी अनोळखी माणसांना एकमेकांशी जोडून दिलं होतं. नोकरी सुटली तरी सवयी सुटल्या नाहीत. त्या कुणाचं बोलणं मधेच तोडत नसत. समोरच्याचं बोलून झालं की जरा थांबत आणि त्याचं शेवटचं वाक्य त्यालाच परत वाचून दाखवत, नंबर बरोबर लिहून घेतला की नाही हे तपासावं तसं. दूधवाला म्हणाला, "मामी, आज दूध पातळ नाही, उन्हानं तसं वाटतं." मावशी म्हणाल्या, "उन्हानं तसं वाटतं." बस्स. दूधवाला दुसऱ्या दिवसापासून चांगलं दूध घालायला लागला. त्यांचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. राग आला की तो उलट मऊ व्हायचा, आणि इमारतीतल्या जुन्या लोकांना हे ठाऊक असल्यामुळे मामी फार गोड बोलायला लागल्या की ते आपापल्या दाराआड जायचे.

त्यांचं मराठी तंजावरचं होतं. कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेल्या माणसांचं, माझ्या वडिलांनाही न कळणाऱ्या जुन्या शब्दांचं, आणि वाक्याच्या शेवटी तमिळसारखं वर चढणारं. ते लिहून दाखवणं मला जमणार नाही, म्हणून इथे मी त्यांना माझ्या मराठीत बोलायला लावते आहे. माझं मराठीही फारसं भरवशाचं नाही. पण मावशींची गोष्ट इंग्रजीत लिहायला बसले तेव्हा त्या फार सभ्य वाटायला लागल्या, म्हणून ते फाडून टाकलं.

माझं ऑफिस शोळिंगनल्लूरला होतं. कंपनीची बस सकाळी लवकर यायची. नाश्ता करायला वेळ नसे, म्हणून मी संत्र्याच्या रसाचं पुठ्ठ्याचं खोकं घेऊन बसमध्ये बसायची. खोक्यावर संत्र्याचं झाड आणि हसणारं कुटुंब असायचं. आपण तब्येतीची काळजी घेतो आहोत असं मला मनापासून वाटे. मावशींनी कचऱ्याच्या डब्यात ती खोकी पाहिली आणि मला विचारलं, की तुला दात नाहीत का? मी म्हटलं, आहेत. मग त्यांनी समोर चार संत्री ठेवली आणि सगळी खा म्हणाल्या. दुसऱ्या संत्र्याला माझं पोट भरलं.

"बघ. चार खाता येत नाहीत, पण चारांची साखर एका घोटात पिता येते. ज्यानं पोट भरतं तो चोथा त्या लोकांनी गाळून टाकला, आणि तू पैसे देऊन उरलेली साखर आणलीस."

पण त्या रसाच्या वैरी नव्हत्या, हे सांगायला हवं, कारण त्यांच्याबद्दल नेमका उलटा समज पसरवला गेला होता. ऑफिसच्या तपासणीत माझं हिमोग्लोबिन फारच कमी निघालं आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. मी त्या सकाळी फिल्टर कॉफीबरोबर घेत होते. मावशींनी ते पाहिलं आणि माझ्या हातातून टंबलर काढून घेतला. कॉफीबरोबर घेतलेली गोळी अंगाला लागत नाही म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून रोज सकाळी माझ्या दाराशी अर्धी वाटी आवळ्याचा नाहीतर लिंबाचा रस येऊ लागला, बिनसाखरेचा, ओठ वाकडे करणारा. पुढच्या तपासणीत आकडा वर गेला तेव्हा मी आभार मानायला गेले. त्या म्हणाल्या, रस चांगलाही नसतो आणि वाईटही नसतो, तो कुणाच्या पोटात जातो ते बघायचं असतं. आणि मग, आभाराला उत्तर म्हणून की काय, त्यांनी मला आपल्या नवऱ्याच्या मरणाची हकीकत सांगितली.

गोविंदराव संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते. निवृत्तीनंतर त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. अशा माणसाला पाणी मोजून द्यावं लागतं. आणि फळांचा रस, विशेषतः सातुकुडीचा, म्हणजे आपल्या मोसंबीचा, आणि इळनीर, म्हणजे शहाळ्याचं पाणी, हे तर जवळजवळ विष. त्यात पोटॅशियम असतं. धडधाकट माणसाचं शरीर ते बाहेर टाकतं, याचं टाकू शकत नाही. ते रक्तात साठतं आणि हृदय थांबवतं. आधी काही कळतही नाही.

आता या शहरात आजाऱ्याला भेटायला जाणारा माणूस रिकाम्या हाताने जात नाही. तो सातुकुडीची पिशवी घेऊन जातो, नाहीतर फाटकाशी शहाळं फोडून घेतो. आजाऱ्याला रस नको म्हणणारी बायको म्हणजे काय बायको झाली? मावशी दारातच पिशव्या काढून घेत आणि पाहुण्याला जाताना परत देत. लोक दुखावत. सगळ्यांत जास्त दुखावल्या त्या गोविंदरावांच्या थोरल्या बहीण. मावशी त्यांना वन्सं म्हणत. दुसरं नाव मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही, त्यामुळे माझ्याही मनात त्या वन्संच राहिल्या. आई लवकर गेल्यामुळे वन्संनीच धाकट्या भावाला वाढवलं होतं. लग्नानंतर दोन वर्षांत त्या विधवा होऊन माहेरी परतल्या होत्या आणि आता दुसऱ्या भावाच्या मुलाकडे, म्हणजे मावशींच्या पुतण्याकडे, रघूकडे राहत होत्या. रोज देवळातून आल्यावर मोठा पेला भरून सातुकुडीचा रस घ्यायचा हा त्यांचा नेम होता. त्यांना मधुमेह झाला तरी नेम चालू राहिला. फळातली साखर देवाची असते, ती बाधत नाही, असं त्या म्हणत.

एकदा मावशींना भाचीच्या लग्नाला तंजावरला जावं लागलं. शुक्रवारी गेल्या, सोमवारी पहाटे परतल्या. मधल्या काळात भावापाशी वन्संना ठेवलं होतं. काय द्यायचं, काय नाही, हे मावशींनी त्यांना समोर बसवून सांगितलं होतं आणि त्यांच्याकडून परत वदवूनही घेतलं होतं. सोमवारी डायलिसिसचा दिवस होता. गोविंदराव चपला घालायला वाकले आणि तिथेच कोसळले. दवाखान्यातल्या डॉक्टरनं विचारलं, यांनी काय खाल्लं-प्यायलं? वन्सं म्हणाल्या, काही नाही हो, या घरात त्याला कोण काय देतंय.

दवाखान्यातून घरी आल्यावर मावशींना मागच्या बाल्कनीत पोत्याखाली शहाळ्यांची रिकामी टरफलं सापडली. फाटकाशी शहाळी विकणाऱ्यानं, थोरल्या मामी रोज सकाळ-संध्याकाळ घेऊन जात होत्या, असं सहज सांगितलं. मावशींनी वन्संना विचारलं. वन्सं म्हणाल्या, मी माझ्यासाठी आणली होती. आणि तेराव्यापर्यंत मैलापूरपासून तंजावरपर्यंत सगळ्या नातेवाइकांत एकच वाक्य फिरलं: माझा भाऊ तहानेनं मेला.

"तहानेनं," मावशी मला म्हणाल्या. आवाज इतका मऊ होता की मला पुढे सरकून ऐकावं लागलं.

मी वन्संना पहिल्यांदा पाहिलं ते गोविंदरावांच्या श्राद्धाला. मावशींना मुलं नव्हती, त्यामुळे सगळं रघू करायचा. तो जॉर्ज टाउनमध्ये एका कागदाच्या व्यापाऱ्याकडे नोकरीला होता. मऊ, घामेजलेला, कुणाशी वाईटपणा न घेणारा माणूस. मला मावशींनी केळीची पानं पुसायला बोलावलं होतं. अशा वेळी काम असलं की मला बरं वाटतं, कुणाशी बोलावं लागत नाही. बाहेर भटजी मंत्र म्हणत होते आणि रघू काळे तीळ घातलेलं पाणी हातावरून सोडत होता. वन्सं खुर्चीवर बसल्या होत्या. उंच, गोऱ्या, पांढरे केस घट्ट बांधलेले. त्यांचा आवाज घरभर जाईल असाच होता.

"रघू, नीट ओत. पोटभर ओत बाबा. जिवंतपणी मिळालं नाही, आता तरी मिळू दे."

स्वयंपाकघरातल्या बायका बोलायच्या थांबल्या. भटजींचाही एक मंत्र अडखळला. जेवणं सुरू झाली तेव्हा मावशी आमटीचं भांडं घेऊन स्वतः वाढायला निघाल्या. वन्संच्या पानापाशी आल्या आणि वाढायला लागल्या. वन्संनी हात आडवा धरला. मावशी वाढतच राहिल्या. आमटी भाताच्या आळ्यातून बाहेर आली, पानाच्या कडेवरून वाहिली आणि वन्संच्या मांडीवरच्या लुगड्यापर्यंत गेली.

"घ्या की वन्सं," त्या हळूच म्हणाल्या. "पोटभर घ्या. माझ्या घरात कुणी उपाशी राहिलं असं नको व्हायला."

सगळे गेल्यावर आम्ही दोघी भांडी आवरत होतो. मी धीर करून विचारलं, की तुम्ही लोकांना खरं का सांगत नाही? त्या म्हणाल्या, सांगितलं, प्रत्येकाला सांगितलं. सगळ्यांनी मान हलवली, आणि घरी जाऊन म्हणाले असतील, बिचारी, स्वतःची चूक झाकते आहे. माझ्या तोंडून निघालेल्या खऱ्याची किंमत नाही. ते तिच्याच तोंडून यायला हवं. 'मी पाजलं' एवढे दोनच शब्द, चारचौघांत. मला तिचं दुसरं काही नको.

त्यानंतर वर्षभरात वन्संची मूत्रपिंडं गेली. मधुमेह आणि तो रोजचा मोठा पेला. डॉक्टर म्हणाले, साखर किती वर्षं अशी वाढलेली असेल कोण जाणे. डायलिसिस सुरू झालं. रघूची बायको रडकुंडीला आली. पाणी मोजायचं, भाज्या चिरून कोमट पाण्यात भिजवायच्या, ते पाणी टाकायचं, पुन्हा उकडायच्या, तेही पाणी टाकायचं, मिठाला हात लावायचा नाही, फळाला बघायचं नाही. हे तिला जमेना. आणि वन्सं तिचं ऐकतही नव्हत्या.

मावशी रिक्षा करून रघूच्या घरी गेल्या आणि वन्संना घेऊन आल्या. रघू सुटकेनं इतका भारावला, की त्यानं मावशींच्या पायांना हात लावला. इमारतीतले लोक म्हणाले, मामी देवमाणूस आहेत. तळमजल्यावरच्या प्रोफेसरांनी मला जिन्यात थांबवून क्षमेवर बरंच काही सांगितलं. मी मान हलवत राहिले. वन्सं रिक्षातून उतरताना मावशींचा चेहरा मी वरून पाहिला होता. ट्रंक लाइन लागल्यावर ऑपरेटरचा होत असेल तसा. शांत.

मावशींनी एकही गोष्ट चुकवली नाही. त्यांना ते सगळं आधीच येत होतं. सकाळी वन्संचं दिवसभराचं पाणी मोजून ठेवलेलं असे आणि औषधाच्या गोळीपुरतं, दोन घासांमधलं, सगळं त्यातूनच. तोंड फार कोरडं पडलं तर चूळ भरायला पाणी, पण चूळ थुंकल्याचं मावशी उभं राहून पाहत. बर्फाचा एक लहानसा तुकडा दुपारी. तो जिभेवर ठेवून वन्सं डोळे मिटत. मावशींचा कठोरपणा असा निर्दोष होता, की दवाखान्यातल्या नर्स वन्संचं वजन करून म्हणत, पाटी, म्हणजे आजी, तुम्ही किती नशीबवान, अशी काळजी कोण घेतं. वन्संना हसावं लागे.

एकदा मी त्यांच्या घरी एकटीच वन्संपाशी बसले होते. मावशी खाली भाजी घेत होत्या. वन्सं माझ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाल्या, कारण त्यांना वाटत होतं मला तेच येतं, "वॉटर. लिटल." मी नाही म्हटलं. मला नाही म्हणायला फार कठीण जातं, ऑफिसात मी कधीच म्हणत नाही, पण तेव्हा ते सहज निघालं. आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही, हेही लिहून टाकते. माझ्या डोळ्यांपुढे पोत्याखालची टरफलं होती.

पण खरा घाव घातला तो मावशींनी नव्हे. दवाखान्यात आहार सांगणारी एक तरुण मुलगी होती. तिनं वन्संना काय काय बंद ते तमिळमध्ये समजावलं आणि का ते सांगितलं. पोटॅशियम कसं साठतं, हृदय कसं थांबतं. वन्संनी विचारलं, इळनीरसुद्धा? मुलगी म्हणाली, पाटी, तेच तर सगळ्यांत आधी. मग सातुकुडी. मावशी शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी ते सगळं सवयीप्रमाणे परत वाचून दाखवलं, मराठीत, वन्संकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करत. आधी इळनीर. मग सातुकुडी. मग हृदय थांबतं.

ही हकीकत सांगून मावशी मला म्हणाल्या, की परत येताना रिक्षात ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. आता तिला कळलंय. इतके दिवस ती खोटं बोलत होती, पण आपण काय केलं ते तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. आता माहीत आहे. मी वाट बघेन. कॉल बुक केलाय, लाइन लागायला वेळ लागतो.

लाइन लागली ती कत्तिरीच्या उन्हात. चेन्नईत मे महिन्याच्या त्या कडक दिवसांना कत्तिरी म्हणतात. रविवारची दुपार होती आणि मी मावशींचं एक भांडं परत द्यायला गेले होते. रघू आणि त्याची बायको आलेले होते. वन्सं पंख्याखाली बसल्या होत्या, ओठांना भेगा पडलेल्या. रघूनं पिशवीतून थर्मास काढला. सातुकुडीचा रस, घरी काढलेला, साखर न घालता, बर्फ घालून. तो चाचरत म्हणाला, की काकू, एवढंसंच, उद्या डायलिसिस आहेच ना, सगळं निघून जाईल. आत्या अगदी सुकून गेलीय, बघवत नाही. मी स्वयंपाकघराच्या दाराशीच थांबले.

मला वाटलं, मावशी थर्मास उचलून परत त्याच्या हातात देतील. त्यांनी पेला आणला. रस ओतला आणि वन्संच्या समोरच्या स्टुलावर ठेवला. पेल्याला बाहेरून घाम आला होता. त्या वासानं मलाही तहान लागली.

"घ्या वन्सं," मावशी म्हणाल्या. फार मऊ आवाजात. "मी अडवत नाही. रघूनं एवढ्या प्रेमानं आणलंय. फक्त उद्या काही झालं तर लोक विचारतील, कुणी पाजलं म्हणून. तेव्हा रघूनं पाजलं, असं मी सांगू ना?"

रघू पांढराफटक पडला. त्यानं विचारलं, म्हणजे काय काकू? मावशी वन्संकडेच बघत होत्या. वन्संनी हात पुढे केला, आणि तो पेल्यापाशी जाऊन थांबला. मग त्यांनी तो मागे घेऊन मांडीवर ठेवला.

"घेऊन जा रे ते," त्या रघूला म्हणाल्या. "यानं हृदय थांबतं."

"थोड्यानं काय होतं आत्या," रघूची बायको म्हणाली.

"थोड्यानं नाही. तीन दिवस दिलं की थांबतं. गोविंदाला मी पाजलं."

पंखा तेवढा फिरत होता.

"मी पाजलं," मावशी म्हणाल्या. नंबर तपासल्यासारखं.

"हो. मी पाजलं," वन्सं म्हणाल्या. मग त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "तो मागत होता. अक्का, थोडं दे म्हणायचा, लहानपणी मागायचा तसा. तुझ्याकडे मागायला घाबरायचा तो, मथुरा. तू गावाला गेल्यावर मागितलं त्यानं. दारात तुझा पाय नाही हे बघून."

हे मावशींनी मागितलेलं नव्हतं. मी त्यांचं तोंड पाहिलं नाही, त्यांची पाठ माझ्याकडे होती. पण हे वाक्य त्यांनी परत वाचून दाखवलं नाही. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की पेला वन्संच्या समोर ठेवला तरी मावशींनी तो सोडलेला नव्हता. त्यांची बोटं तळाशी घट्ट धरलेलीच होती, पहिल्यापासून. त्यांनी तो उचलला, मोरीत नेऊन ओतला आणि नळ सोडून कितीतरी वेळ धूत राहिल्या.

रघूनं ती गोष्ट लपवली नाही, हे त्याचं मोठेपण. आठवडाभरात ती तंजावरपर्यंत गेली. पूर्वी मावशींना टाळणारे दोन-तीन नातेवाईक फोन करू लागले. त्या प्रत्येकाचं ऐकून घेत, आणि शेवटी, ठेवू का, असं विचारून ठेवून देत. वन्संच्या नावानं लोक काय काय म्हणाले तेही मी ऐकलं. सख्ख्या भावाला मारलं, इथपर्यंत. मावशींनी त्यातलं काही खोडून काढलं नाही.

मला वाटलं होतं, आता त्या वन्संना रघूकडे पाठवून देतील. हवं ते मिळालं होतं. एके दिवशी भाज्यांचं उकडलेलं पाणी टाकताना मी त्यांना तसं विचारलंही. आता काय मावशी?

"आता?" त्या म्हणाल्या. "आता तिला जगायचंय. कबूल केलं आणि सुटली, असं कुठं असतं? रघूकडे गेली तर महिन्याभरात कुणीतरी दया येऊन तिला पाजेल. मग ती जाईल वर, भावाकडे, आणि दोघं मिळून माझ्याबद्दल बोलत बसतील. नको. राहू दे इथेच."

त्या हसल्या नाहीत. विनोद केला असं त्या म्हणतील म्हणून मी बराच वेळ वाट पाहिली.

पुढे मला हैदराबादच्या ऑफिसात पाठवलं. निघायच्या आदल्या दिवशी मी सामान बांधायला दोरी आणायला बाहेर पडले होते. ऊन डोक्यावर होतं. रस्त्याच्या पलीकडे रसाच्या दुकानासमोर एक रिक्षा उभी होती. आत वन्सं बसल्या होत्या, डायलिसिसहून परतताना बसतात तशा, एका कुशीला कललेल्या, हाताला पट्टी. दवाखान्याहून घरी यायचा रस्ता हा नव्हे. हा लांबचा.

मावशी दुकानाच्या फळीपाशी उभ्या होत्या. हातात सातुकुडीच्या रसाचा मोठा पेला. तोंड रिक्षाकडे. त्या पीत होत्या. दोन घोट, मग थांबून श्वास, मग पुन्हा. आवडून पिणारं माणूस असं पीत नाही. शेवटी शेवटी तर त्यांनी डोळे मिटून तो घशाखाली ढकलला, माझी लोहाची गोळी मी ढकलायची तसा. वन्सं बघत होत्या. तोंड फिरवायला जागा होती, रिक्षाला दोन बाजू असतात, पण त्यांनी फिरवलं नाही. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या पेला संपेपर्यंत.

मला हाक मारता आली असती. मी विजेच्या खांबाआड झाले.

मावशींनी पैसे दिले, तोंड पुसलं आणि रिक्षापाशी गेल्या. चढता चढता थांबल्या. वन्संचा पदर बाहेर लोंबत होता, चाकापर्यंत. तो त्यांनी उचलला, धूळ झटकली, वन्संच्या मांडीवर दुमडून ठेवला, आणि वन्संचा पट्टीचा हात त्यावर नीट बसवला. मग त्या शेजारी बसल्या आणि रिक्षावाल्याला काहीतरी म्हणाल्या. रिक्षा सुरू झाली, पण वळली नाही. तशीच सरळ पुढे गेली, त्या रस्त्यानं, जिथे पुढे आणखी दोन रसाची दुकानं आहेत.